कुलूप आणि किल्ली : रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांचें चरित्र

विद्यार्थिमित्रहो, घरास कुलूप लावून बाहेर पडतांना आपण किल्ली खिशांत टाकतों आणि पुन्हां तिचा विचारहि करीत नाहीं. परंतु एकदां ती तळहातावर घेऊन नीट न्याहाळावी. तिचे दांते आणि तिच्या खांचा एकाच कुलुपाच्या अंतर्भागाशीं जुळलेल्या असतात. शेजारच्या घरची किल्ली दिसावयास अगदीं तशीच असली, तरी आपल्या दारापाशीं ती व्यर्थ होय. सजीवांच्या शरीरांतील सूक्ष्म रेणूहि एकमेकांस अशाच रीतीनें ओळखतात, ही कल्पना १८९४ सालीं एका जर्मन रसायनशास्त्रज्ञानें जगापुढें मांडली. त्या थोर पुरुषाचें नांव एमिल फिशर. आज अनेक देशांतील प्रयोगशाळांत रेणूंचीं कृत्रिम कुलुपें घडविण्याचें काम चाललें आहे, आणि त्या सर्व उद्योगाच्या मुळाशीं ही एक साधी उपमा आहे. ती उपमा ज्या हातांनीं मिळविली, त्या हातांस काय सोसावें लागलें हें फार थोड्यांस ठाऊक असतें. म्हणून फिशर यांचें चरित्र येथें संक्षेपानें देत आहों.

एमिल फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजीं जर्मनींतील बॉन शहरानजीकच्या ऑयस्किर्खेन या लहानशा गांवीं झाला. वडील लॉरेन्झ फिशर हे उद्योगी व यशस्वी व्यापारी होते. पांच बहिणींच्या पाठीवर जगलेला हा एकुलता एक मुलगा. तेव्हां आपला व्यापार त्यानें पुढें चालवावा, अशी पित्याची इच्छा असणें स्वाभाविकच होतें. १८६९ सालीं एमिलनें शाळेची शेवटची परीक्षा उत्तम रीतीनें दिली. त्याचा ओढा सृष्टिशास्त्रांकडे, विशेषतः पदार्थविज्ञानाकडे होता. तरी पित्याच्या इच्छेस मान देऊन तो कांहीं काळ व्यापारांत उमेदवारी करूं लागला. परंतु जमाखर्चाच्या वह्यांत त्याचें मन मुळींच रमेना. अखेर लॉरेन्झ यांनीं ओळखलें कीं, हा मुलगा व्यापाराच्या कामाचा नाहीं. त्याला शिकूं द्यावें हेंच बरें. निराशेच्या भरांत घेतलेला हा निर्णय किती शहाणपणाचा ठरला, हें पुढें जगानें पाहिलें. आपल्या मुलास एका कामांत गति नाहीं असें दिसतांच त्यास कोणत्याच कामांत गति नाहीं असा समज करून घेणाऱ्या पालकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

१८७१ मध्यें एमिल बॉनच्या विद्यापीठांत दाखल झाला. तेथें केकुले या विख्यात शास्त्रज्ञाचीं रसायनशास्त्रावरील व्याख्यानें त्यानें ऐकलीं. तरीहि त्याचें मन पदार्थविज्ञानाकडेच धांवत होतें. पुढच्याच वर्षीं ओटो फिशर नांवाच्या चुलतभावानें आग्रह करून त्याला आपल्याबरोबर स्ट्रासबुर्ग येथील नव्या विद्यापीठांत नेलें. त्या ठिकाणीं आडोल्फ फॉन बायर यांच्यासारखा गुरु लाभला आणि शिष्याच्या आयुष्याची दिशा कायमची ठरली. १८७४ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आंत, फिशर यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. स्ट्रासबुर्ग हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. या कथेच्या शेवटीं त्याची पुन्हां गांठ पडणार आहे.

१८७५ मध्यें फिशर यांच्या हातीं एक नवें द्रव्य आलें. त्याचें नांव फेनिलहायड्रेझिन. फिकट पिंवळसर, तेलासारखें दिसणारें हें द्रव्य त्या दिवशीं विशेष महत्त्वाचें वाटलें नसेल. पण पुढें त्यानेंच फिशर यांस कीर्तीच्या शिखरावर नेलें, आणि त्यानेंच त्यांच्या शरीरास आयुष्यभराची व्यथा जडविली.

गुरूच्या मागोमाग फिशर म्यूनिकला गेले. नंतर एर्लांगेन, १८८५ पासून वुर्त्सबुर्ग आणि १८९२ पासून राजधानी बर्लिन, अशा चढत्या क्रमानें त्यांनीं अध्यापकाचीं पदें भूषविलीं. मध्यंतरीं १८८३ सालीं रंग तयार करणाऱ्या एका मोठ्या जर्मन कारखान्यानें आपल्या प्रयोगशाळेचें प्रमुखपद त्यांस देऊं केलें होतें. व्यापाऱ्याच्या या मुलानें तें नाकारलें. विशेष हें कीं, वडिलांनीं दिलेल्या द्रव्यसाहाय्यामुळेंच त्यांना तें नाकारणें शक्य झालें. ज्या मुलानें दुकान पुढें चालविलें नाहीं, त्याच्या विद्येस त्याच दुकानानें आधार दिला.

आतां साखरेची गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे गुऱ्हाळांत काकवी कशी असते तें पुष्कळांनीं पाहिलें असेल. ती चिकट असते, दाट असते, पण तिचे खडे सहजासहजीं पडत नाहींत. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांची अडचण नेमकी हीच होती. द्राक्षशर्करा, फलशर्करा आणि त्यांच्या जातीच्या इतर शर्करा शुद्ध स्वरूपांत वेगळ्या काढूं गेल्यास हातीं येई तो चिकट पाक, आणि पाकाकडे पाहून ही शर्करा कोणती हें कोण सांगणार? १८८४ मध्यें फिशर यांनीं शर्करांवर फेनिलहायड्रेझिनाचा प्रयोग केला. तत्काळ सुंदर पिंवळे स्फटिक तयार झाले. आकार, वितळण्याचें उष्णमान इत्यादि लक्षणांवरून ते ओळखतां येऊं लागले, आणि जी विद्या पाकांत बुडाली होती तिला पाय टेकावयास जागा मिळाली. १८९० मध्यें त्यांनीं ग्लिसरिनापासून आरंभ करून द्राक्षशर्करा प्रयोगशाळेंत तयार केली.

याहून मोठा पराक्रम पुढच्या वर्षीं घडला. द्राक्षशर्करेच्या रेणूंत कर्बाचे सहा अणु एका ओळींत जोडलेले असतात. त्यांपैकीं चार अणु असे आहेत कीं, त्यांच्याभोंवतीं लागलेल्या घटकांची मांडणी दोन तऱ्हांनीं होऊं शकते. आपला डावा आणि उजवा हात जसे एकमेकांचें प्रतिबिंब, तशाच या दोन तऱ्हा. चार ठिकाणीं प्रत्येकीं दोन, म्हणजे एकंदर सोळा रचना झाल्या. या सोळांतील द्राक्षशर्करा कोणती? रेणु डोळ्यांस दिसत नव्हते. केवळ प्रयोग आणि तर्क यांच्या जोरावर फिशर यांनीं १८९१ मध्यें याचें उत्तर दिलें. मात्र एका रचनेस उजवी म्हणावें कीं डावी, हें ठरविण्याचें साधन तेव्हां नव्हतें. तेवढें त्यांनीं सोयीसाठीं गृहीत धरलें. १९५१ सालीं डच शास्त्रज्ञ बिव्हूट यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें एका द्रव्याची खरी रचना सिद्ध केली, तेव्हां फिशर यांचें गृहीतहि बरोबर होतें असें आढळून आलें.

परंतु या विजयाचें मोल शरीरानें द्यावें लागत होतें. फेनिलहायड्रेझिन हें विषारी द्रव्य आहे. त्या काळीं प्रयोगशाळांत आजच्यासारखी धुराची व वाफेची व्यवस्था नसे, हातांत मोजे नसत, आणि अशा द्रव्यांचा धोकाहि पुरता कळलेला नव्हता. वर्षानुवर्षें त्याच्या सहवासांत राहिल्यानें फिशर यांची त्वचा बिघडली आणि पचनशक्ति क्षीण झाली. ज्या किल्लीनें शर्करांचें भांडार उघडलें, तीच किल्ली धरणाऱ्याच्या हातास जाळीत होती. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेंत काम करतांना शिक्षक सावधगिरीच्या सूचना देतात, त्या सूचना अशा लोकांच्या दुःखांतून जन्मलेल्या आहेत हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

१८८८ मध्यें फिशर यांचा विवाह आग्नेस गेर्लाख यांच्याशीं झाला. त्यांना तीन मुलगे झाले. परंतु १८९५ सालीं, लग्नास अवघीं सात वर्षें झालीं असतां, आग्नेस निवर्तल्या. फिशर यांनीं पुन्हां लग्न केलें नाहीं.

या आघाताच्या आदल्याच वर्षीं कुलूप आणि किल्ली यांची उपमा जन्मास आली होती. ती कशी सुचली तें पाहूं. द्राक्षशर्करेस एका साध्या मद्यार्काचा अंश जोडून फिशर यांनीं दोन द्रव्यें तयार केलीं. दोहोंत तेच अणु आणि तितकेच अणु होते. भेद एवढाच कीं, एका सांध्यापाशीं जोडलेला अंश एकांत एका बाजूस, तर दुसऱ्यांत दुसऱ्या बाजूस वळलेला होता. या द्रव्यांवर त्यांनीं दोन पाचक द्रव्यांचा, ज्यांस एन्झाइम म्हणतात त्यांचा, प्रयोग केला. एक एन्झाइम यीस्टपासून काढलेलें होतें, दुसरें कडू बदामांपासून. यीस्टच्या एन्झाइमनें पहिलें द्रव्य फोडलें, दुसऱ्यास स्पर्शहि केला नाहीं. बदामाच्या एन्झाइमनें नेमकें उलट केलें. एवढ्याशा वळणानें एवढा फरक पडावा, याचा अर्थ काय? फिशर यांनीं अनुमान केलें कीं, एन्झाइम व त्यानें फोडावयाचें द्रव्य यांच्या आकारांचा मेळ कुलूप आणि किल्ली यांच्याप्रमाणें जमला पाहिजे. तरच एकाची दुसऱ्यावर क्रिया होईल. पुढें १९५८ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ कोशलंड यांनीं या मतास थोडी मुरड घातली. एन्झाइम हें लोखंडी कुलुपासारखें ताठ नसून, हात घालतांच मोजा जसा हाताचा आकार घेतो तसें तें थोडेंसें वांकतें, असें त्यांनीं दाखविलें. तरी मूळ कल्पनेचें तेज त्यामुळें उणावलें नाहीं.

१९०२ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक फिशर यांस मिळालें. शर्करांवरील संशोधनाबरोबरच कॉफींतील कॅफीन व मूत्रांतील यूरिक आम्ल हीं एकाच कुळांतील द्रव्यें आहेत, हें त्यांनीं दाखवून दिलें होतें. एवढ्यावर दुसरा कोणी विसांवला असता. फिशर मात्र त्या वेळीं आयुष्यांतील सर्वांत अवघड कामास हात घालीत होते. तें काम म्हणजे प्रथिनांचें. डाळींत, दुधांत, अंड्यांत, आपल्या स्नायूंत असणारीं प्रथिनें हीं ॲमिनो आम्लें नांवाच्या लहान घटकांची सांखळी होय, असें त्यांचें मत होतें. १९०१ मध्यें त्यांनीं दोन कड्यांची सांखळी जोडली. अशा लहान सांखळ्यांस पेप्टाइड हें नांवहि त्यांनींच दिलें. मग तीन कड्या, चार कड्या असें करीत १९०७ सालीं ते अठरा कड्यांपर्यंत पोंचले. त्यांत ग्लायसीनच्या पंधरा व ल्यूसीनच्या तीन कड्या होत्या. इन्शुलिनसारख्या लहान प्रथिनांतहि एक्कावन्न कड्या असतात, आणि कित्येक प्रथिनांत शेंकडों. म्हणजे अठरावी कडी जोडल्यावरहि शिखर दूरच राहिलें. परंतु वाट कोणती, हें निश्चित झालें.

थोर माणसांच्या ठायींहि उणिवा असतात, आणि प्रामाणिक चरित्रांत त्या झांकूं नयेत. १९०७ मध्यें लीझ माइटनर नांवाची तरुण विदुषी संशोधनासाठीं बर्लिनला आली, तेव्हां फिशर यांनीं तिला आपल्या संस्थेच्या तळघरांतील सुतारकामाच्या खोलींतच काम करण्याची परवानगी दिली. वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळांत स्त्रियांस पाऊल ठेवण्याची मनाई होती. प्रशियाच्या विद्यापीठांचीं दारें स्त्रियांस उघडल्यावर फिशर यांनींहि ही बंदी उठविली आणि पुढें त्या विदुषीच्या उत्कर्षास साह्य केलें. १९१४ मध्यें महायुद्ध पेटलें, तेव्हां त्र्याण्णव जर्मन विद्वानांनीं आपल्या देशाच्या युद्धनीतीचें समर्थन करणारें पत्रक काढलें. त्यावर फिशर यांचीहि सही होती. मागाहून त्यांस तिचा पश्चात्ताप झाला. युद्धानें त्यांच्या घरावर दुहेरी घाला घातला. तीन मुलांपैकीं दोघे, वाल्टर आणि आल्फ्रेड, युद्धाच्या काळांत कालवश झाले. त्यांतील आल्फ्रेड सैन्याच्या वैद्यकीय सेवेंत असतां तापानें गेला. पत्नी नाहीं, दोन मुलगे नाहींत, स्वदेश पराभूत, आणि शरीर असाध्य रोगानें ग्रासलेलें, अशा स्थितींत १५ जुलै १९१९ रोजीं बर्लिन येथें फिशर यांचें देहावसान झालें. मागें राहिलेला मुलगा हेर्मान हाहि रसायनशास्त्रज्ञ झाला आणि पुढें अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठांत प्राध्यापक होता.

माणूस गेला, उपमा मागें राहिली. निसर्गानें कुलुपें घडविलीं आहेत, तर मग मनुष्यानें कां घडवूं नयेत? हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ऐरणीवर आला. १९६७ मध्यें पेडरसन यांनीं मुकुटाच्या आकाराचे रेणु प्रसिद्धीस आणले. त्यांच्या मधल्या पोकळींत पोटॅशियमसारखा धनभारित कण नेमका बसे. त्यानंतर झां-मारी लेन यांनीं सर्व बाजूंनीं बंद असलेले पिंजऱ्यासारखे रेणु बनविले. त्यांची कर्मभूमि स्ट्रासबुर्ग, म्हणजे जेथें तरुण एमिल रसायनशास्त्राकडे वळला तेंच शहर. अमेरिकेंतील क्रॅम यांनीं हाच मार्ग आणखी पुढें नेला. या तिघांस १९८७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

धनभारित कणांपेक्षां ऋणभारित कणांचीं, म्हणजे ॲनायनांचीं, कुलुपें करणें अधिक कठीण असतें. मिठांतील क्लोराइड गोल, नायट्रेट सपाट तिकोनी, फॉस्फेट चतुष्फलकासारखें. शिवाय ते आकारानें मोठे, आणि पाणी त्यांस घट्ट कवटाळून बसलेलें. पाण्याच्या मिठींतून त्यांना सोडवून आपल्या पोकळींत घ्यावयाचें, तर त्या पोकळींत धनभार किंवा हायड्रोजनचे अणु योग्य जागीं, योग्य दिशेस तोंड करून बसविले पाहिजेत. १९६८ मध्यें पार्क व सिमन्स यांनीं क्लोराइडला आंत धरून ठेवणारा पिंजरा प्रथम दाखविला. या विद्येचें प्रयोजन दूरचें नाहीं. आपल्या चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या पाण्यांत फ्लोराइड हा ऋणभारित कण प्रमाणाबाहेर आढळलेला आहे, आणि तो दांत व हाडें बिघडवितो. असा नेमका एकच कण पाण्यांतून ओळखून काढणें, हें अशा कुलुपांच्या कारागिरांपुढील एक ध्येय आहे.

पेप्टाइडांचेंहि तसेंच. प्रत्येक साध्या पेप्टाइडाच्या शेंपटास बहुधा ऋणभार असतो. म्हणून ॲनायन धरण्याची युक्ति तेथेंहि उपयोगी पडते. निसर्गांत याचा उत्तम नमुना व्हॅन्कोमायसिन हें औषध होय. जंतूंच्या भोंवतालची भिंत ज्या पेप्टाइडांनीं बांधली जाते, त्यांच्या शेवटच्या दोन कड्यांस हा रेणु पांच नाजूक बंधांनीं पकडतो, आणि भिंतीचें काम थांबतें. परंतु जंतूहि कांहीं कमी नाहींत. कित्येकांनीं शेवटची कडी बदलली. एक बंध तुटला आणि पकड सुमारें हजारपटीनें ढिली झाली. जणूं चोराच्या भीतीनें घरमालकानें नव्हे, तर चोरानेंच कुलूप निकामी करण्यासाठीं किल्ली कानशीनें घांसली! तेव्हां २०११ मध्यें अमेरिकेंतील स्क्रिप्स संस्थेंत बोगर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या औषधाच्या रेणूंतील एका प्राणवायूच्या अणूच्या जागीं नत्राचा अणु बसविला. तो नवा रेणु जुनी आणि बदललेली अशीं दोन्ही टोंकें धरूं लागला. एका अणूचा फरक, आणि कुलूप पुन्हां चालूं झालें. बदामाच्या एन्झाइमपाशीं फिशर यांनीं पाहिलें होतें तें हेंच.

आणि ज्या द्राक्षशर्करेपायीं त्यांनीं आपलें आरोग्य वेंचिलें, तिच्यासाठींहि कुलूप तयार झालें आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं २०१९ मध्यें पाण्यांतहि द्राक्षशर्करेला नेमकें ओळखून धरणारा एक कृत्रिम रेणु प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या रोग्यांस अशा संशोधनाचा किती उपयोग होऊं शकेल, हें निराळें सांगावयास नको.

विद्यार्थ्यांनो, फिशर यांनीं प्रथिनाचें शिखर गांठलें नाहीं; अठराव्या कडीपाशीं त्यांचा हात थांबला. पण त्यांनीं जोडलेली प्रत्येक कडी पक्की होती, म्हणून पुढच्यांना एकोणिसावी जोडतां आली. तुमच्या वहींतील एखादा प्रयोग अपुरा राहिला, एखादें गणित अर्ध्यावर अडलें, तर खचून जाऊं नका. जेवढें केलें तेवढें खरें आणि नेटकें आहे ना, एवढें मात्र पाहा. आणि पालकहो, तुमच्या मुलाच्या हातांत कोणती किल्ली आहे हें पहिल्याच दारापाशीं कळत नसतें. एक दार उघडलें नाहीं, तर किल्ली फेंकून देऊं नये. दुसऱ्या दारापाशीं जाऊन पाहावें. लॉरेन्झ फिशर यांनीं, नाइलाजानें कां होईना, तेवढें केलें.